अनवाण्यांना टोल माफ

"अनवाणी आहेस? मग तुला फुकट. चल, पळ इथून," वेन्चो खोट्या मिशीआडून गरजला आणि भोवतीचे पाहुणे खदखदून हसले.

ओर्नेलियाने ठरल्याप्रमाणे खांदे पाडले, डोक्यावरचं कपड्यांचं गाठोडं सावरलं आणि पुलाच्या फळ्यांवरून बावळटासारखी दुडदुडत पळाली. असं पळायचं हे गिल्मारने तिला मुद्दाम शिकवलेलं होतं. थोडं पुढे जाऊन थांबायचं, वळायचं, आणि कुणी फोटो मागितला की दात दाखवून उभं राहायचं. मग गिल्मार हातातली नारिंगी छत्री उंच धरून सांगायचा, की एके काळी या पुलावर जोडेवाल्यांना टोल पडे आणि अनवाण्यांना तो माफ असे. झालं काय, की श्रीमंत लोक बूट काढून बगलेत मारत आणि फुकट पार होत. आणि गरीब बिचारे, आपण गरीब दिसू नये म्हणून, शेजाऱ्याचे जोडे उसने घालून पैसे भरत. इथे तो जरा थांबायचा.

"आता तुम्हीच सांगा, वेडं कोण?"

हशा नेहमी इथेच सगळ्यात मोठा व्हायचा.

आमच्या बेटावर, विलेमस्टाडच्या बंदरात प्रवासी जहाज लागलं की हा खेळ होई, दिवसातून कधी दोनदा, कधी चारदा. पुलाचं कागदोपत्री नाव एका राणीचं, पण गाव त्याला 'म्हातारी' म्हणतं. ती होड्यांवर तरंगते, आणि मोठं जहाज यायचं झालं की पुन्दाच्या काठाचा हात सोडून, दार उघडावं तशी सरकत सरकत ओत्रोबान्दाच्या काठाला जाऊन टेकते. जहाज गेलं की पुन्हा जागेवर. ओर्नेलिया जन्मली ओत्रोबान्दात आणि राबली पुन्दात. त्यामुळे तिचा सगळा जन्म या म्हातारीच्या अंगावरून जा-ये करण्यात गेला होता.

ती जुन्या बाजाराच्या खाणावळीत स्वयंपाकीण होती. सकाळी अंधारात पूल ओलांडायचा, भेंडीचं सूप आणि बकरीचं कालवण चढवायचं, मक्याच्या पिठाची घट्ट फुंची घोटायची, आणि दुपारी रिकामे डबे घेऊन परत यायचं. नवरा रॉटरडॅमला कामाला म्हणून गेला तो तिथलाच झाला. मुलगी स्विंदा तिने त्या चुलीवरच वाढवली, शिकवली. आता स्विंदा औषधाच्या दुकानात नोकरीला होती. मग खाणावळीची मालकीण वारली, तिच्या मुलांनी गाळा विकून टाकला आणि तिथे कॉफीचं दुकान आलं. साठीला टेकलेल्या बाईला नवी चूल कोण देणार? अशा वेळी गिल्मारनेच तिला बोलावलं. हा गिल्मार शाळेत असताना खाणावळीत जेवायला यायचा आणि ओर्नेलिया त्याच्या ताटात फुंचीचा एक गोळा जास्त टाकायची. आता तो एका सहल कंपनीचा व्यवस्थापक झाला होता. तिला तो अजून 'तांता नेला' म्हणे. आमच्याकडे थोरल्या बाईला तांता म्हणतात, मग ती सख्खी मावशी असो नाही तर शेजारीण.

म्हणून ती पळत होती. आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस तिला त्यात वावगं वाटलंही नाही. नाटकच तर होतं.

वेन्चो पूर्वी बस चालवायचा. टोलनाक्याच्या शिपायाची टोपी त्याला शोभत असे. खेळ संपल्यावर दोघं पुलाच्या कमानीच्या बोटभर सावलीत उभी राहत. भर दुपारी फळ्या तव्यासारख्या तापलेल्या असायच्या. वेन्चो आपल्या जाड बुटांतही पाय बदलत राही आणि तिला विचारी, की बाई, तुझे पाय आहेत की लाकूड? ती म्हणे, की आयुष्य चुलीपुढे गेलंय, मला आता ऊन लागत नाही. हे ती अभिमानाने सांगायची.

मग एका संध्याकाळी स्विंदाने न्हाणीघरातून हाक मारली. पांढऱ्या फरशीवर तांबडे ठसे उमटले होते, दारापासून बादलीपर्यंत, एकाच पायाचे. स्विंदाने आईला खुर्चीत बसवून पाय मांडीवर घेतला. तळव्याला, अंगठ्याशेजारच्या बोटाखाली, चामडी फाटून आतलं मांस दिसत होतं.

"दुखत नाही तुला?" तिने विचारलं.

"नाही गं. काहीच नाही."

स्विंदा औषधाच्या दुकानात काम करत होती. दुखत नाही याचा अर्थ तिला ठाऊक होता. ती पाय मांडीवर तसाच धरून बसली.

दवाखान्यात जखमा बांधायच्या खोलीबाहेर लांब बाकडं होतं. तिथे बसलेल्यांत निम्म्यांना एक पाय नव्हता. आमच्या बेटावर साखरेचा आजार घरटी एक आहे, तरी एवढे कापलेले पाय एका रांगेत ओर्नेलियाने आधी पाहिले नव्हते. गल्लीतला एक ओळखीचा म्हातारा तिथे भेटला. त्याने हसून विचारलं, तू कधी आलीस आमच्यात? तिला त्या हसण्याचा राग आला.

सिस्टर तरणीताठी आणि तोंडाची फटकळ होती. तिने जखम पाहिली आणि ही भाजलेली आहे म्हणाली. ओर्नेलिया म्हणाली, मी कुठेच भाजले नाही. मग सिस्टरने चिमट्याचं टोक तळव्यावर इथे-तिथे टेकवून, टोचतंय का, टोचतंय का, असं विचारलं. ओर्नेलिया छताकडे बघत उत्तर द्यायला थांबून राहिली. तिला वाटलं सिस्टरने अजून सुरुवातच केलेली नाही. तेव्हा सिस्टरने चिमटा खाली ठेवला. तिने काम काय करता विचारलं, आणि ओर्नेलियाने ते सांगितलं.

"म्हणजे तुम्ही अनवाणी पळता आणि लोक हसतात," सिस्टर म्हणाली. "तांता, यापुढे घरातसुद्धा जोड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. जाड तळव्याचा, बंद जोडा. एवढं ऐका. नाही तर बाहेरच्या बाकड्यावर जागा धरून ठेवा."

ते बोट पुढे गेलंच. पण ते नंतर.

दुसऱ्या दिवशी ओर्नेलिया पट्टी बांधलेला पाय घेऊन गिल्मारच्या कचेरीत गेली. गिल्मारने तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, पायाबद्दल मनापासून हळहळला. मग म्हणाला, आपण कातडीच्या रंगाचे पातळ मोजे आणू, लांबून कुणाला कळणारसुद्धा नाही. ती म्हणाली, सिस्टरने जोडा सांगितलाय. त्यावर तो म्हणाला, मग पाय बरा होईपर्यंत घरी आराम कर, तोवर मी दुसरी कुणी बघतो.

"मी जोडे घालूनच करते की," ओर्नेलिया म्हणाली. "माझी आजी जोडे घालूनच जायची."

आणि तिने त्याला आजीची हकिगत सांगितली. आजी पुन्दातल्या मोठ्या घरांचे कपडे धुवायची. डोक्यावर गाठोडं घेऊन पूल ओलांडायची. बरोबरच्या बायका पुलाशी आल्या की अनवाणी होत आणि फुकट जात. आजीकडे कापडी बुटांचा एक जोड होता, तो ती खास पुलासाठी घालायची आणि दोन सेंट मोजून द्यायची. जाताना दोन, येताना दोन. बायका तिला शहाणी बाई म्हणून चिडवायच्या. पण पैसे देणाऱ्याला नाक्यावरचा शिपाई मान वर करून 'बोन दिया, शॉन' म्हणायचा. अनवाण्यांकडे तो बघायचासुद्धा नाही. बोन दिया म्हणजे शुभ सकाळ, आणि शॉन म्हणजे धनी, धनीण. ज्यांना माणसं विकत मिळत, त्यांना त्या विकलेल्या माणसांनी मारायची हाक. आजीच्या आजीने तो शब्द जन्मभर खाली मान घालून उच्चारला होता. आणि इथे एक गणवेशातला माणूस, रोज सकाळी, तोच शब्द तिच्या नातीला म्हणत होता.

गिल्मारने सगळं नीट ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता.

"छान आहे गं गोष्ट," तो म्हणाला. "पण तांता, यात हसायला काय आहे?"

"हसायला नाहीच."

"मग? ही माणसं चार तासांसाठी जहाजावरून उतरतात. सुट्टीत कुणाला दुसऱ्याची रडगाणी ऐकायची असतात?"

"रडगाणं कुठे सांगितलं मी? ती ताठ जायची, ते सांगितलं."

गिल्मारने कपाळ चोळलं. "रागावू नकोस. पण तुझ्या आजीसारखी माणसं होती म्हणून तर ती गंमत आहे ना."

ओर्नेलिया उठली. पाण्याचा पेला तिने अर्धा तसाच ठेवला. घरी येईपर्यंत तिला स्वतःचीच लाज वाटत होती. तो म्हणाला ते खरंच होतं. गेले कित्येक महिने आजीला हसायला तिनेच मदत केली होती, तेही गाठोड्यासकट.

तिने स्विंदाला सांगितलं, की येत्या मंगळवारी मोठं जहाज लागणार आहे आणि मी गिल्मारच्या सहलीला जाणार आहे, तिकीट काढून. स्विंदाला वाटलं आईला ताप चढला. जन्मापासून ज्या पुलावरून चालतेस तो बघायला तिकीट?

"चालले असेन. बघितला कधी होता?" ओर्नेलिया म्हणाली. "प्रत्येक वेळी डोक्यावर नाही तर हातात काही तरी होतंच."

स्विंदाने बराच वाद घातला. पायाचं कारण काढलं, लोक काय म्हणतील ते काढलं, गिल्मार पुन्हा कधी दारात उभं करणार नाही हेही काढलं. ओर्नेलिया तिचे चर्चला जायचे काळे बूट पुसत बसली होती. ते बंद होते आणि त्यांचा तळ जाड होता. शेवटी स्विंदाने आईच्या हातातून बूट ओढून घेतला, पट्टी बांधलेला पाय मावावा म्हणून नाड्या पार सैल केल्या, आतून कापसाची घडी बसवली आणि म्हणाली, जायचंच असेल तर हळू चाल.

मंगळवारी ओर्नेलियाने निळा फुलांचा झगा घातला आणि वर पांढरी टोपी. तिकिटाच्या टपरीवर नवी मुलगी होती, तिने ओळखलं नाही. तिने ओर्नेलियाच्या छातीवर सगळ्यांसारखा नारिंगी गोल कागद चिकटवला आणि सहलीत मजा करा म्हणाली. गिल्मार पुन्दाच्या धक्क्यावर मंडळी गोळा करत होता. ती दिसताच तो छत्री घेऊन जवळ आला.

"तांता, इथे काय करतेस?"

तिने छातीवरचा कागद दाखवला. "पूल बघायला आले."

त्याला हसावं की काय करावं कळेना. तिकीट होतं, त्यामुळे तिला अडवता येत नव्हतं.

ती मन लावून सगळं बघत गेली. धक्क्यावरची पिवळी-गुलाबी घरं, त्यांच्या कमानदार आढ्यांवरची नक्षी. गिल्मार जे सांगत होता त्यातलं काही तिला खरोखरच नवीन होतं. तो बोलतो चांगलं, हे तिने मनात कबूल केलं. शेजारी बार्बाडोसहून आलेली एक निवृत्त शिक्षिका चालत होती. तिने ओर्नेलियाला विचारलं, तुम्ही कुठल्या? ओर्नेलियाने पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून सांगितलं, तिथली. बाई हसली. तिला ते आवडलं असावं.

पुलाच्या मध्यावर टेबल मांडलेलं होतं, त्यावर टोलचा डबा. टेबलामागे वेन्चो. त्याने ओर्नेलियाला पाहिलं आणि त्याची मिशी एका बाजूने सुटली, ती त्याने बोटाने दाबून बसवली.

गाठोडं घेऊन आली ती एक सडपातळ बाई होती, तिशीची असेल. युस्मेली तिचं नाव. समुद्रापलीकडच्या कोरो गावातून होडीतून आलेली, हे ओर्नेलियाला नंतर कळलं. तिच्या पायांना मात्र सगळं कळत होतं. फळीवर पाऊल पडताच बोटं आत वळत होती, ती टाच टेकवत होती, मग कड टेकवत होती, ओठ आवळून उड्या मारत होती. पाहुण्यांना वाटलं हाही खेळाचाच भाग. ते ओर्नेलियाच्या वेळी हसायचे त्याहून जास्त हसले.

"अनवाणी आहेस? मग तुला फुकट," वेन्चो म्हणाला. आज त्याचा आवाज चढला नाही. गिल्मारने श्रीमंतांचं सांगितलं, उसन्या जोड्यांचं सांगितलं, आणि विचारलं, "आता तुम्हीच सांगा, वेडं कोण?"

हशा ओसरायच्या आत ओर्नेलिया टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"माझ्या पायात जोडे आहेत," ती वेन्चोला म्हणाली. "टोल घे."

वेन्चोने गिल्मारकडे पाहिलं. गिल्मार तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "तांता, आत्ता नको. तुझ्या पाया पडतो." पाहुणे कौतुकाने बघत होते. हा नवा भाग त्यांना ठाऊक नव्हता.

तेवढ्यात घंटा वाजली.

पूल सुटणार होता. गिल्मारने मान वळवून पाहिलं, तर त्याच्या मंडळींतलं एक जोडपं पुन्दाच्या टोकाशी अजून सरबताच्या गाडीपाशी रेंगाळत होतं. तो त्यांना आणायला धावला. तो काठावर पोचला आणि मागे फाटक लागलं. इंजिन धडधडलं, फळ्यांखालून थरथर आली आणि म्हातारीने काठ सोडला. मधली पाण्याची फट रुंदावत गेली. पलीकडे गिल्मार नारिंगी छत्री हलवत काहीतरी ओरडत होता, पण ते इंजिनच्या आवाजात विरून गेलं. चालकाच्या खोपटावर निळं निशाण चढलं होतं, म्हणजे जहाज मोठं होतं आणि वेळ लागणार होता.

युस्मेलीने पहिलं काय केलं, तर टेबलाखालची आपली पिशवी ओढली, तीतून झिजलेले पांढरे बूट काढले आणि घाईघाईने पायात घातले. मग ती कठड्याला टेकून डोळे मिटून उभी राहिली.

बार्बाडोसच्या बाईने ओर्नेलियाला विचारलं, तुम्हाला काय सांगायचं होतं?

ओर्नेलियाचं इंग्रजी खाणावळीत शिकलेलं. त्यात कालवणाची आणि किमतीची वाक्यं चांगली येत. बाकीची तिने जोडत जोडत आणली, आणि जिथे अडली तिथे वेन्चोने मदत केली. तिने आजीचं गाठोडं सांगितलं, कापडी बूट सांगितले, दोन सेंट सांगितले, आणि शॉन या शब्दाचा अर्थ सांगितला. सगळे ऐकत होते असं नाही. बरेचजण कठड्याला जाऊन येणाऱ्या जहाजाचे फोटो काढत होते. पण सातआठ माणसं टेबलाभोवती उभी राहिली.

त्यातला एक लाल टोपीवाला गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाला, की हे सगळं ठीक, पण फुकट जाता येत असताना पैसे का भरायचे? श्रीमंतांनी डोकं चालवलं, यात त्यांचं काय चुकलं?

"काही चुकलं नाही," ओर्नेलिया म्हणाली. "त्यांनी बूट काढले तरी ते शॉनच राहत होते. माझ्या आजीला घालावे लागत होते."

गृहस्थाने टोपी मागे सारली आणि वेन्चोच्या डब्याकडे बघत राहिला.

मग वेन्चो उठला. बसमध्ये त्याने आयुष्यभर बसल्या जागेवरून पैसे घेतले होते, नाटकातही तो बसूनच बोले. आता तो उभा राहिला, टोपी काढून छातीशी धरली आणि डबा पुढे केला. ओर्नेलियाने नाणं टाकलं.

"बोन दिया, शॉन नेला," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. तिने मान हलवली, घाई न करता टेबलाला वळसा घातला आणि पलीकडे गेली. तिची पावलं सरळ पडत नव्हती, डावा पाय ती सांभाळून टाकत होती. पण मान सरळ होती आणि दोन्ही हात मोकळे होते.

जहाज इतकं जवळून गेलं की त्याची सावली सगळ्यांवरून फिरली. मग म्हातारी उलट निघाली. पुन्दाचा काठ जवळ येऊ लागला, छत्री दिसू लागली, तशी युस्मेली खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. एकदा तिने मान वर करून ओर्नेलियाकडे पाहिलं. ओर्नेलियाने नजर चुकवली नाही. ती स्वतःही याच फळ्यांवर पळाली होती. तिने फक्त आपली पाण्याची बाटली उघडली आणि युस्मेलीच्या पायाखालच्या दोन फळ्यांवर सगळी ओतून टाकली. फळ्यांतून वाफ निघाली. युस्मेलीने त्या ओल्या जागेवर पाय ठेवले.

फाटक उघडल्यावर गिल्मार सरळ ओर्नेलियाकडे आला. त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. लाल टोपीवाला गृहस्थ मधेच त्याला म्हणाला, की आजीचा भाग फार चांगला होता, तो आधी का नाही सांगितलात? गिल्मारने त्याच्याकडे बघून कसनुसं हसून घेतलं. मग ओर्नेलियाला बाजूला नेऊन तो हळू आवाजात म्हणाला, की तू हे करायला नको होतंस, मी आता तुला परत कामावर घेऊ शकणार नाही, वर काय सांगू?

"मी घे म्हटलं का?" ओर्नेलिया म्हणाली. "पुढचं दाखव."

"पुढचं काय?"

"तिकिटात शेवटी सरबत आहे ना. ते राहिलंय."

गिल्मार छत्री उंच धरून ओत्रोबान्दाकडे चालू लागला. मंडळी त्याच्या मागे निघाली, आणि ओर्नेलिया त्यांच्यात होती. तिच्या चालीने चालायचं म्हणून बार्बाडोसची बाई रेंगाळत राहिली. वेन्चो टेबल आवरून दुपारच्या खेळाची वाट बघत कमानीखाली थांबला. दुपारी त्याने कसं म्हटलं, गरजून की हळू, ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

पलीकडे पाण्याच्या काठाशी, झावळ्यांच्या छपराखाली टेबलं मांडलेली होती. याच छपरामागच्या नळावर ओर्नेलिया खेळ झाल्यावर पाय धुवायची. पुढच्या बाजूला ती आज पहिल्यांदा बसली. वाढपी पोरगा ओळखीचा होता. त्याने तिला पाहिलं, हातातलं तबक जरा घुटमळलं, मग तो सगळ्यांना वाढत वाढत तिच्यापर्यंत आला आणि तिच्यापुढेही निळ्या सरबताचा उंच पेला ठेवला. त्यात बर्फ, वर संत्र्याची चकती, खाली कागदाचा रुमाल.

साखरेमुळे तिला तो ओठालाही लावता येत नव्हता. तिने तो हाताने जरा जवळ ओढून घेतला. दुखऱ्या पायावरचा भार टाचेवर घेतला, पाठ टेकली आणि समोर बघत बसली. पुलाखालच्या होड्या ओळीने पाण्यात बसल्या होत्या. वरून गर्दी चालली की त्यांतली एखादी दबायची, मग पुढची, मग तिच्या पुढची, आणि फळ्यांना हलकीशी लाट यायची. बाकीची मंडळी पेले संपवून, फोटो काढून एकेक उठली. बार्बाडोसच्या बाईने जाताना तिचा खांदा दाबला. गिल्मार छत्री मिटून निघून गेला.

पोरगा टेबलं पुसत तिच्यापाशी आला. पेल्यातला बर्फ विरला होता आणि निळा रंग पाण्यासारखा फिका झाला होता.

"तांता, हे नेऊ का?"

"राहू दे," ओर्नेलिया म्हणाली. "मी अजून बसलेय."